तर्रीची पन्नी आणि कढईतलं जळकं तेल

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कॉटन मार्केटच्या बाजूला माझं नाश्त्याचं दुकान आहे. तर्री-पोहे, समोसा, कचोरी, आलूबोंडा. सकाळी सहाला कढई चढते ती अकराला उतरते, मग पुन्हा चार ते आठ. ३१ वर्षं झाली. शिक्षण बारावी सायन्स, तेही काठावर. तेव्हा खाली जळक्या तेलापासून प्लास्टिक करणाऱ्या जिवाणूंबद्दल जे लिहिणार आहे ते माझं ज्ञान नाही, माझ्या धाकटीचं आहे. ती इथल्याच एका कॉलेजात एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी करते. तिने सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगतोय. चूक निघाली तर ती माझ्या खात्यात लिहा.

सुरुवात दंडापासून करतो, कारण तिथूनच हे सगळं निघालं. मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी तपासणीचं पथक आलं. काउंटरखाली पन्नीचे, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांचे, दोन गठ्ठे होते. ५,००० रुपयांची पावती फाटली. मी म्हटलं, "साहेब, या बायोच्या पन्न्या आहेत, वाचा ना जी, छापलंय त्याच्यावर." खरंच छापलं होतं. हिरवं पान, त्याखाली '१०० टक्के बायोडिग्रेडेबल'. साहेबांनी पन्नी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "सर्टिफिकेट नंबर कुठे आहे?" तो नव्हता. कंपोस्ट होणाऱ्या पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा नंबर लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या ठोक दुकानातून मी माल उचलला तिथे कोणी सांगितलं नव्हतं. उलट साध्या पन्नीपेक्षा किलोमागे वरचे पैसे मोजून मी तो घेतला होता, पोराबाळांच्या भविष्यासाठी वगैरे. नियम असा की पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्या वेळी पंचवीस आणि वर तीन महिने आत. साहेब वागायला चांगले होते. पावती माझ्याच टेबलावर बसून लिहिली. पोहे मात्र घेतले नाहीत.

पाच हजार रुपये म्हणजे माझ्याकडे किती प्लेट पोहे होतात ते मी त्या रात्री मोजत बसलो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, ती पन्नी एकदा पुरून तर बघा." घरी तीन-चार उरल्या होत्या. त्यातली एक मोगऱ्याच्या कुंडीत वीतभर खोल पुरली आणि तारीख टाकून आइस्क्रीमची काडी रोवली. एक अख्खा उन्हाळा गेला (नागपूरचा उन्हाळा, म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको), दोन पावसाळे गेले. या दसऱ्याला उकरली. पन्नी दोन ठिकाणी फाटली होती, कडेला थोडी कुरकुरीत झाली होती, बाकी जशीच्या तशी. हिरवं पान इतकं स्वच्छ की वर मोगऱ्याची पानं पिवळी आणि खाली पन्नीचं पान हिरवं! मुलीने सांगितलं की काही पन्न्यांत साध्या पॉलिथिनमध्ये पिष्ट मिसळतात. मातीतले जीव पिष्ट तेवढं खातात, पॉलिथिन सोडून देतात. काहींमध्ये असं काही घालतात की उन्हाने पन्नीचा भुगा होतो. भुगा झाला की दिसत नाही, पण असतो मातीतच.

आता तुम्ही म्हणाल, पन्नी वापरतोच कशाला? रास्त प्रश्न आहे. दुकानात बसून खाणाऱ्याला मी पळसाच्या पानाचा द्रोण देतो, वडिलांपासूनची पद्धत आहे. समोसा-कचोरी पूर्वी तुमच्याच वर्तमानपत्रात बांधून द्यायचो, आणि गिऱ्हाईक खाऊन झाल्यावर तेलात भिजलेला अग्रलेख वाचत उभं राहायचं. छपाईची शाई पोटात जाते म्हणून तेही आता बंद आहे, ते बरोबरच आहे. त्यासाठी कोरा ब्राउन कागद आणतो. अडतं ते एकाच ठिकाणी, तर्रीचं पार्सल. तर्री म्हणजे पाणी, तिखट आणि वर बोटभर तेल. द्रोणातून ती गळते, कागद तिला पाच मिनिटं धरत नाही. गिऱ्हाइकाला सांगतो, डबा आणा. दहातले दोन आणतात. उरलेल्या आठांना मी परत पाठवलं तर ते समोरच्या गाडीवर जातील आणि तिथे पन्नीतच घेतील. म्हणजे माझं दुकान बुडेल आणि पन्नी तशीच राहील.

ती पन्नी शेवटी कुठे जाते हे २३ सप्टेंबर २०२३ ला सगळ्या नागपूरने पाहिलं. अंबाझरी ओसंडून पहाटे नाग नदीचं पाणी सीताबर्डीत शिरलं, मोरभवनला बसगाड्या बुडाल्या. पाणी उतरल्यावर पुलाच्या कठड्यांना, तारांच्या कुंपणांना ज्या पन्न्या लोंबत होत्या त्यात तर्रीच्या छोट्या पन्न्या मी ओळखल्या. माझ्याच असतील असं नाही. पण माझ्या नव्हत्या असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

तर अशी पार्श्वभूमी असताना मागच्या पावसाळ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं जळकं तेल पाहिजे, अर्धा लिटर." मी म्हटलं, "काऊन? गाडीला घालतेस का?" तर म्हणे, जिवाणूंना खायला. तिचा प्रोजेक्ट होता तेलापासून प्लास्टिक करण्याचा. ज्या तेलात मी समोसे तळतो, त्या तेलापासून! मला वाटलं थट्टा करते.

या जिवाणूचं नाव क्युप्रियाविडस नेकेटर. आधी त्याला राल्स्टोनिया युट्रोफा म्हणायचे, त्याच्याही आधी आणखी काही. आपल्याकडे चौकांची नावं बदलतात तसं त्याचं होत आलंय, पत्ता मात्र तोच, माती. रोग करणारा नाही. त्याची खोड अशी की खायला भरपूर मिळालं, पण वाढीला लागणारा नायट्रोजन संपला, की तो अडकतो. नायट्रोजनाशिवाय प्रथिनं होत नाहीत, प्रथिनांशिवाय एकाचे दोन होता येत नाही. पण समोर अन्न तर आहे. मग तो ते खात राहतो आणि पोटात दाणे करून साठवतो, पुढच्या दुष्काळासाठी. आपण बसून खाल्लं की पोट सुटतं, त्यातलाच प्रकार. फक्त आपल्या पोटात चरबी साठते आणि याच्या पोटात जे साठतं ते प्लास्टिक असतं. पॉलिहायड्रॉक्सिअल्कॅनोएट असं लांबलचक नाव आहे, कॉलेजात पीएचए म्हणतात. नीट खाऊ घातलं तर जिवाणूच्या कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत हा साठा जातो. म्हणजे जिवाणू उरतो नावाला, बाकी सगळं गोदाम.

हे मी नुसतं ऐकून सोडलं असतं, पण एका मंगळवारी (दुकान बंद असतं) ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिच्या मॅडमची परवानगी काढली होती. आधी तिने फ्लास्क दाखवले. बुडाला रुंद, वर कापसाचं बूच, आणि एका यंत्रावर ते गरागरा हलत होते, ३० अंशाला. आत दुधी पाणी. मी विचारलं, "तेल कुठे गेलं? तेल तर वर तरंगायला पाहिजे." तर म्हणे, त्याच्यात डिंक घातलाय. अरेबिक डिंक, आपल्या बाभळीच्या डिंकाचा भाऊबंद. डिंकाने तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात धरून राहतात. आमच्याकडे डिंक लाडवात जातो, तिथे तो तेल फोडायला. पुढचं काम जिवाणू स्वतः करतो. तो बाहेर लायपेझ नावाचा पाचक रस सोडतो, तेलाचे तुकडे करतो आणि ते आत ओढतो. आमची साफसफाईची बाई कढईला सोडा लावून जे घासून काढते, ते हा गडी न घासता फस्त करतो.

मग सूक्ष्मदर्शक. काचेच्या पट्टीवर तिने नमुना पसरला, ज्योतीवरून फिरवला, सुदान ब्लॅक नावाचा काळा रंग टाकला, थोड्या वेळाने धुतला आणि वरून गुलाबी रंग दिला. मग पट्टीवर एक थेंब तेल टाकून भिंग टेकवलं. बघा, तिथेही तेल! मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग तिने माझ्या बोटाने स्क्रू फिरवला आणि एकदम उमटलं. गुलाबी गुलाबी बारके दांडके, आणि प्रत्येकाच्या पोटात काळेनिळे दाणे. तुरीची कोवळी शेंग उजेडात धरली की आतले दाणे दिसतात ना, तसे. कुठे दोन, कुठे चार, काही इतके ठासून भरलेले की गुलाबी कडा नुसती रेघ उरली होती. ती म्हणाली, "बाबा, हे काळं दिसतंय ना, ते तुमचं गुरुवारचं तेल." मी बराच वेळ डोळा काढला नाही. मागे दुसरी मुलं रांगेत उभी होती.

त्या दाण्यांची तिने पुढे चकती केली. जिवाणू वाळवले, क्लोरोफॉर्ममध्ये प्लास्टिक विरघळवलं, गाळून काचेच्या बशीत ओतलं. क्लोरोफॉर्म उडून गेल्यावर बशीच्या तळाला पातळ, दुधट पापुद्रा. साबुदाण्याचा न तळलेला पापड असतो तसा दिसायला. हातात घेतला आणि सवयीने दुमडला, तर मोडला. मुलगी ओरडली, तिच्या तीन आठवड्यांच्या मेहनतीचा मी एका सेकंदात तुकडा पाडला होता. पण खोट तिथेच आहे, तिनेही कबूल केलं. हा जिवाणू मुळात जे प्लास्टिक करतो ते पीएचबी, म्हणजे पीएचएचाच एक प्रकार, तो कडक आणि ठिसूळ. त्याची तर्रीची पन्नी होणार नाही. लवचीक हवं असेल तर प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळीत मधूनमधून लांब कडी घालावी लागते. त्यासाठी दुसऱ्या जिवाणूचा जीन याच्यात बसवतात. त्या कामाला साखरेपेक्षा तेल सोयीचं पडतं, कारण लांब कडीचा कच्चा माल तेलातच असतो.

त्याच मोडलेल्या तुकड्यातला नखाएवढा भाग मी ऑगस्टमध्ये मोगऱ्याच्या कुंडीत पुरला, पहिल्या पन्नीच्या शेजारी, दुसरी काडी रोवून. दसऱ्याला पन्नी उकरली तेव्हा हाही उकरला. सौभाग्यवती वैतागल्या, मोगऱ्याची मुळं तुटली म्हणून. बराच वेळ सापडेना. शेवटी चाळणीत माती चाळली तेव्हा कसरीने खाल्लेल्या कापडासारखी जाळी हाताला लागली, तांदळाएवढी, चिमटीत धरताच चुरा. दोन महिन्यांत. मातीतल्या जिवाणूंना आणि बुरशीला ते ओळखीचं अन्न आहे, त्यांच्याच जातभाईंनी साठवलेलं. खाऊन त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. त्यासाठी हे कुठल्या उष्ण भट्टीत न्यायला लागत नाही, साध्या मातीत होतं. मक्याच्या स्टार्चपासून होणारं पीएलए नावाचं दुसरं प्लास्टिक आहे, त्याचे ग्लास आजकाल लग्नात दिसतात. त्याला कंपोस्ट व्हायला ६० अंशांच्या आसपास तापमान लागतं. आपल्याकडे मे महिन्यात कधी कधी तेवढं वाटतं, पण भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगावर ते भरवशाने मिळत नाही.

आता तेलाकडे येतो, कारण या पत्राचं खरं काम तिथे आहे.

माझे वडील इतवारीत एका घाणीवर होते, जवसाचं तेल काढायचे. सावजी रस्सा जवसाच्या तेलाशिवाय होत नाही हे नागपूरकरांना माहीत आहे, पण तळणाला ते चालत नाही. कढईला वार्निश चढल्यासारखं होतं. म्हणून मी सोयाबीन वापरतो. तळणाचं तेल किती वेळा तापवायचं याला मर्यादा आहे. अन्न सुरक्षेचा नियम असा की तेलातले ध्रुवीय घटक (पुन्हा पुन्हा तापवल्याने जे वाढतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यातून बाद. १ जुलै २०१८ पासून हा नियम लागू आहे. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही. पण तेल काळं पडून फेसाळायला लागलं, झारा उचलल्यावर धार न तुटता ओघळायला लागली, की ते गेलं. आठवड्यात दोनदा मिळून दहाएक लिटर असं तेल माझ्या कढईतून निघतं. माझं दुकान लहान आहे. या शहरात माझ्याएवढ्या आणि माझ्याहून मोठ्या कढया किती असतील, तुम्हीच सकाळी एक चक्कर मारा, महाल ते गोकुळपेठ.

हे तेल जातं कुठे? सांगायला लाज वाटते, पहिली काही वर्षं मी ते मागच्या नालीत ओतलं. एका हिवाळ्यात चेंबर तुंबलं. उघडलं तर आत साबणाच्या वडीसारखा पांढरा थर, पहारीने फोडावा लागला. मग दुचाकीवर कॅन बांधून एक जण यायला लागला. "भाऊ, जळकं तेल आहे का?" लिटरमागे पैसेही द्यायचा. मला वाटलं बायोडिझेलला जातं. सरकारची तशी योजना आहेच, वापरलेल्या तेलाचं डिझेल करायची. एका संध्याकाळी दुसऱ्या भागात एका गाडीवर भजी खायला थांबलो, तर तोच माणूस तोच कॅन तिथे उतरवत होता. माझं काळं तेल, थोडं नवं मिसळून, पुन्हा कढईत. भजी तशीच ठेवून उठलो. त्या दिवसापासून त्याला तेल देणं बंद केलं. आता माळ्यावर सहा कॅन साठले आहेत आणि पावसाळ्यात त्यांचा वास खाली गल्ल्यापर्यंत येतो.

हिशोब मांडून पाहिला, तो तुमच्यासमोर ठेवतो. दहा लिटर म्हणजे साधारण नऊ किलो तेल. मुलीने वाचलेल्या प्रयोगांमध्ये एक किलो तेलापासून ६०० ते ८०० ग्रॅम पीएचए मिळालंय. साखरेपासून ३०० ते ४००. तेलात कार्बन ठासून भरलेला असतो, साखरेत ऑक्सिजनचं वजन फुकट वाहावं लागतं. आणि वापरलेलं तळणाचं तेलही या जिवाणूला चालतं, गाळून घेतलं की झालं, त्याचे नखरे नाहीत. प्रयोगशाळेतला आकडा कारखान्यात येत नाही हे मला कळतं. माझ्या बायकोच्या हातची कचोरी घरी चारच्या मापाने फुगते, दुकानात दोनशेच्या मापाने नाही. म्हणून तेलाच्या वजनाच्या निम्मंच धरतो. नऊ किलोचे साडेचार किलो प्लास्टिक.

आता पन्नी. इतवारीतल्या एका सराफ मित्राच्या काट्यावर तर्रीच्या दहा पन्न्या ठेवल्या. नऊ ग्रॅम भरल्या. तो हसत होता, सोन्याच्या काट्यावर पहिल्यांदाच पन्नी चढली म्हणून. दिवसाला माझ्या ३०० पन्न्या, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १,८००. वजन १ किलो ६२० ग्रॅम. पीएचए पॉलिथिनपेक्षा जड असतं, तितक्याच आकाराच्या पन्नीला तिसरा हिस्सा जास्त लागेल. म्हणजे सव्वादोन किलोच्या आत-बाहेर. माझ्या एकट्याच्या कढईतल्या टाकाऊ तेलात माझ्या सगळ्या पन्न्या होऊन शेजारच्या चहावाल्याच्याही निघतात!

हे काही हवेतलं नाही. हे प्लास्टिक पहिल्यांदा ओळखलं ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लेमोइन्य यांनी, १९२६ साली. शंभर वर्षं होत आली. मग इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने साखरेवर जिवाणू वाढवून 'बायोपोल' काढलं, १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या शॅम्पूच्या बाटल्या बाजारात आल्या. महाग पडलं, मागे पडलं. जपानच्या कानेका कंपनीने वनस्पती तेलावरचा कारखाना उभा केला, आधी वर्षाला १,००० टनांचा, २०१९ मध्ये ५,००० टनांपर्यंत वाढवला. तिकडे कॉफीच्या दुकानात त्याचे स्ट्रॉ मिळतात. अमेरिकेत कॅनोला तेलापासून हेच करणारी डॅनिमर कंपनी मात्र २०२५ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली. दोन्ही गोष्टी सांगतोय, नाहीतर म्हणाल पोरीच्या कौतुकात बाप वाहवला. पॉलिथिनपेक्षा हे आजही कित्येक पट महाग आहे. जिवाणूंना अहोरात्र हवा द्यावी लागते, टाक्या निर्जंतुक ठेवाव्या लागतात, दाणे फोडून काढायचे तर द्रावक लागतं किंवा जिवाणू विरघळवावा लागतो. सगळ्यात मोठा खर्च खाद्याचा, ज्याला ते कच्चा माल म्हणतात त्याचा. आणि माझा मुद्दा तोच आहे. ताज्या तेलाची पन्नी करायला माझा विरोध आहे. आपला देश खाण्याच्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. महिन्याचा पिपा घेताना गृहिणीला घाम फुटतो, तिथे चांगल्या तेलाची पन्नी करणं म्हणजे पाप आहे. पण जे तेल खाल्लं तर आजार, नालीत ओतलं तर चेंबर तुंबणार, आणि विकलं तर दुसऱ्याच्या पोटात जाणार, त्याचं काय करायचं याचं उत्तर मला त्या सूक्ष्मदर्शकात दिसलं. डिझेल करा म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण नाही. डिझेल करताना जे ग्लिसरीन उरतं तेही हे जिवाणू खातात म्हणे.

नागपूरला हे जमू नये असं काही नाही. तेलाचं शास्त्र शिकवणारी लक्ष्मीनारायण संस्था १९४२ पासून अमरावती रोडवर उभी आहे, आता तिचं विद्यापीठ झालंय. विदर्भातली सरकी, सोयाबीन, जवस यांच्या तेलातलं सगळं तिथल्या लोकांना कळतं. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी ही संस्था १९५८ पासून इथे आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी कारखान्यांच्या सांडपाण्यावर जिवाणू वाढवून हेच पीएचबी काढल्याचं, तेही २००७ च्या आसपास, मुलीला तिच्या संदर्भात सापडलं. म्हणजे ज्ञान गावात आहे, तेल गावात आहे, पन्नीची गरज गावात आहे. मध्ये फक्त कॅन उचलणारा प्रामाणिक माणूस नाही. मला कारखाना नको, अनुदान नको. एक ठराविक गाडी हवी, जी दर आठवड्याला वजन करून तेल घेईल, पावती देईल आणि ते तेल पुन्हा कोणाच्या कढईत जाणार नाही याची जबाबदारी घेईल. पुढे त्याचं पीएचए करायचं की आणखी काही, ते शिकलेल्यांनी ठरवावं. एखाद्या संस्थेने छोट्या टाकीवर प्रयोग करायचा म्हटला तर तेल फुकट देणारे माझ्या ओळखीचे आम्ही अकरा दुकानदार आहोत, बोलून ठेवलंय.

आणि दुसरं, पथकाच्या साहेबांना एक विनंती. पन्नी पकडायला आमच्याकडे जरूर या, १२० मायक्रॉनची, जाडी मोजायची पट्टी घेऊन या. पण येताना एकदा त्या ठोक दुकानांतही जा, जिथे हिरव्या पानाचे गठ्ठे छताला लागलेले असतात. मी पावती ठेवली आहे, माल कुठून घेतला ते विचारलं तर सांगेन. अजून कोणी विचारलं नाही.

माझं नाव छापू नये ही विनंती, एकदा दंड झालेला माणूस आहे. मात्र कोणी तेलासाठी चौकशी केली तर तुमच्या कार्यालयात माझा नंबर दिलेला आहे. सोमवारी आणि गुरुवारी अकरानंतर तेल निघतं, थंड व्हायला दोन वाजतात. त्याआधी येऊ नका, कॅन वितळतो. माळ्यावरचे सहाही घेऊन गेलात तर चहा-पोहे माझ्याकडून. तर्री पार्सल हवी असेल तर डबा आणा.

आपला,
एक नाश्तावाला, कॉटन मार्केट परिसर, नागपूर